जुन्या गाडीतला ‘चेक इंजिन’चा दिवा कधी लागतो, कधी विझतो : या चुका टाळा

कायम पेटून राहणाऱ्या दिव्याचे कारण सहसा लवकर सापडते. अधूनमधून लागून आपोआप विझणारा दिवा मात्र घाई करणाऱ्याचा खिसा रिकामा करतो, कारण अशी माणसे हाती आलेला पुरावा सुरुवातीलाच पुसून टाकतात.

बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवणे, किंवा स्कॅनर लावल्या लावल्या कोड (गाडीने नोंदलेला दोषाचा क्रमांक) उडवणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. दोष नोंदला जातो त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार आणि कूलंटचे तापमान ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, साठवले जाते. या नोंदीला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात आणि कोड उडवला की तीही जाते. सलग 3 वेळा गाडी चालवताना दोष आढळला नाही तर दिवा साधारणपणे विझतो, परंतु इंजिन सुमारे 40 वेळा थंड होऊन पुन्हा गरम होईपर्यंत कोड आत शिल्लक राहतो. म्हणजे तपासणीला पुरेसा वेळ असतो. एप्रिल 2013 नंतरच्या बीएस-4 (प्रदूषणाचे मानक) गाड्यांत ओबीडी-2, म्हणजे दोष नोंदणारी प्रमाणित यंत्रणा, असल्यामुळे साधा ब्लूटूथ स्कॅनरही हे वाचू शकतो. कोड आणि फ्रीज फ्रेम या दोन्हींचा फोटो काढल्याशिवाय मी बॉनेट उघडत नाही.

दुसरी चूक म्हणजे कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तोच बदलून मोकळे होणे. पुण्याच्या एका जुन्या हॅचबॅकवर पी0135, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटर सर्किटचा कोड येत होता. दुसऱ्या गॅरेजात तो सेन्सर दोनदा बदलला होता आणि प्रत्येक वेळी कोड उडवून गाडी परत दिली होती. मालकीणबाई म्हणाल्या, “दादा, साताऱ्याला जाताना लागतो, येताना कधीच नाही.” तेव्हा जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, येताना बोगदा होता. कोड पुन्हा येऊ दिला तेव्हा फ्रीज फ्रेममध्ये कमी वेग आणि जवळजवळ पूर्ण भार दिसला. भार आला की इंजिन माउंटिंगवर मागे झुकते, त्यामुळे झुकताना ताणली जाणारी वायर शोधायची, हे स्पष्ट झाले. क्लचच्या जुन्या कामात कनेक्टरजवळची क्लिप परत बसवलेली नव्हती. गाडीच्या बाजूची वायर तिथे ताठ ओढली गेली होती आणि वरचे आवरण शाबूत असूनही आतल्या बहुतेक तारा तुटल्या होत्या. मल्टीमीटर मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत होता, कारण त्याला वायर अखंड आहे असे दाखवायला एकच तार पुरते, तर हीटरला साधारण अँपिअरभर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. म्हणून मी अशा ठिकाणी हीटरसारखाच प्रवाह ओढणारा 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावतो. इंजिन चालू ठेवून वायर हलकेच ओढली आणि बल्ब मंदावला. वायरचा नवा तुकडा सोल्डर करून, उष्णतारोधक स्लीव्ह चढवून क्लिप बसवली. नव्या सेन्सरच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य होता.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाडीत पी0171, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचा कोड आला, तर तो पेट्रोलवर येतो की गॅसवर, हे आधी वेगवेगळे पाहावे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात सतत करत असलेली वाढ-घट, स्कॅनरवर दिसते) पेट्रोलवर शून्याच्या आसपास आणि गॅसवर +15 टक्क्यांच्या पुढे असेल, तर किटचे फिल्टर, गॅसचा दाब आणि ट्यूनिंग तपासावे. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो किंवा मॅप सेन्सरला हात लावू नये. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून नुसती टेप गुंडाळलेली असेल, तर ते सांधे सोल्डर करून घ्यावेत. असे सांधे पावसाळ्यात हमखास हिरवे पडतात.

बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची (निगेटिव्ह जोडणीची) पट्टी कोणी तपासत नाही. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर ती काढून घासून पुन्हा घट्ट बसवावी.

कोड न वाचता थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घेऊ नये. कनेक्टरवर प्रेशरने पाणी मारू नये.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र सवडीने तपासण्याचा सल्ला लागू होत नाही. ते मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याचे, लक्षण असते आणि न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी आणि प्लग व कॉइल तपासल्याशिवाय ती पुढे चालवू नये.