पशुअनुवंशशास्त्रात येताय? आधी वजनकाटा धरा

सोलापूरकडची पोरं व्हेटर्नरीची पदवी घेऊन एम.व्ही.एस्सी.चा (पदव्युत्तर पदवीचा) विषय ठरवायला लागली की ‘वाढीचा जीन’, ‘मांसाच्या प्रतीचा जीन’ हे हमखास डोक्यात असतं. विषय चांगलाच आहे. फक्त पुस्तकातली उदाहरणं बहुतेक परदेशी गोवंशाची, आणि आपल्या राज्यात गाईंच्या पाठोपाठ २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. शिवाय खिलार हे ओढकामाचं जनावर. त्यामुळे तत्त्व गाईवरून शिका आणि काम उस्मानाबादी शेळीवर नाहीतर माडग्याळ मेंढीवर करा.

तत्त्व थोडक्यात असं. मायोस्टॅटिन हा जीन स्नायूंच्या वाढीला वेसण घालतो. बेल्जियन ब्लू गाईत या जीनमधली डीएनएची ११ अक्षरं गळालेली आहेत, हे १९९७ मध्ये समजलं. वेसण नसल्यामुळे जनावर मांसल होतं, पण वासरू इतकं भरतं की सिझेरियन नेहमीचंच होऊन बसतं. मांसाच्या मऊपणात कॅल्पेन हे एन्झाइम कत्तलीनंतर स्नायूतली प्रथिनं तोडतं आणि कॅल्पास्टॅटिन त्याला अडवतं. वशिंडाच्या जनावरांत हे अडवणं जास्त, म्हणून त्यांचं मांस चिवट. मात्र असे ठळक परिणाम देणारे जीन मोजकेच. वजन हे शेकडो जीनच्या बारीक-बारीक परिणामांची बेरीज असते, आणि वर चारा, पाणी, जंत यांचा हिशेब वेगळाच.

म्हणूनच लॅबचं मला फार कौतुक नाही. मानेच्या शिरेतून रक्त घेणं, डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढणं), जेल (ते तुकडे लांबीनुसार वेगळे करणं) हे सगळं हाताखाली काम करता करता जमतं. खरी कसरत कळपात आहे.

सांगोल्याकडे एका वस्तीवर विचारलं, “आबा, हे करडू कधीचं?” उत्तर आलं, “गड्डा भरायच्या आधी आठ दिस व्यालीय बघा ह्याची आय.” ही तारीखच आहे! गड्डा यात्रा संक्रांतीला, म्हणजे जन्म जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला. आषाढी, पोळा, दसरा यांच्या इंग्रजी तारखांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर डकवून ठेवा. दातांवरून वय ओळखता येतं, पण करडांच्या बाबतीत ते ढोबळच.

वजन सकाळी, चरायला सोडायच्या आत घ्या. पोट भरलं की आकडा फुगतो. फांदीला ताणकाटा, त्याला पोत्याची झोळी, झोळीच्या चार भोकांतून चार पाय बाहेर. करडू धडपडायचं थांबलं की आकडा बघा आणि पुन्हा एकदा टांगा. शेजारच्या रकान्यात नर की मादी, एकटं की जुळं, आईचं कितवं वेत आणि बाप कोणता, हे लिहा. एकटं जन्मलेलं करडू जुळ्यापेक्षा भरतंच. ते नोंदवलं नाही तर ते श्रेय तुम्ही बिनदिक्कत एखाद्या जीनला देऊन मोकळे व्हाल. बापाचंही तसंच. अर्धा कळप एकाच बोकडाचा असेल तर त्याचा प्रत्येक जीनप्रकार ‘वजनाशी निगडित’ दिसू लागतो. कागदावर पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे बघायचा आकडा) झकास येते, दुसऱ्या कळपात मात्र काहीच सापडत नाही. असे प्रबंध पैशाला पासरी आहेत.

मांसाच्या प्रतीवर काम करणाऱ्यांनी जनावर किती लांबून आलं, उपाशी होतं का, हे आधी विचारावं. कत्तलीनंतर चोवीस तासांत मांसाचा पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण ७ वरून साडेपाचच्या आसपास उतरायला हवा. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ज्यातून हे आम्ल बनतं, आधीच संपलेलं असतं, मग पीएच उतरत नाही आणि मांस काळपट पडतं. त्यात जीनचा दोष काय? नमुना दर वेळी एकाच स्नायूचा घ्या, शक्यतो पाठीचा.

जीन ओळखून पैदास करण्याचं काम बघायचं तर फलटण जवळच आहे. निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीतला फेक-बी जीन दख्खनीत आणून जुळी देणारी नारी सुवर्णा तयार केली. तो जीन वाढीचा नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्यावर काय होतं ते तिथं कळतं.

आणि रक्ताची परवानगी. शेळ्या बऱ्याचदा घरातल्या बाईच्या जिवावर असतात, तेव्हा पारावरच्या पुरुषांना पटवत बसू नका, मावशींना विचारा. रक्तानं शेळी आटेल, ही त्यांची भीती असते. नळीत जाणारं चमचाभर रक्त आधी दाखवा, जंताचं औषध सोबत न्या आणि प्रत्येक करडाचं वजन त्यांनाही सांगा. व्यापारी कमरेवर हात दाबून भाव पाडतो, त्याला तो आकडा त्या लगेच ऐकवतात.