जपानी ग्रीन टी गिफ्ट द्यायचाय? आधी समोरचा माणूस चहा कसा पितो ते आठवा

तीन वर्षांपूर्वी जपानहून सुट्टीत पुण्याला जाताना मी आत्यासाठी ग्योकुरो, म्हणजे इथला एक महागडा ग्रीन टी, नेला होता, ५० ग्रॅमचा छोटासा डबा, दुकानातल्या बाईंनी इतक्या निगुतीनं कागदात गुंडाळून दिलेला की उघडवेना. आत्यानं मोठ्या कौतुकानं तो संध्याकाळी सगळ्यांसाठी केला, म्हणजे पातेल्यात पाणी, आलं, साखर, खळखळ उकळी आणि वर दूध. कडूजहर झाला, कुणाच्यानं दोन घोटांपुढे पिववला नाही आणि तिला बिचारीला इतकं वाईट वाटलं की मलाच कसंतरी झालं. चूक तिची नव्हतीच. चहा म्हटला की उकळायचा हे आपल्या हाताला बसलेलं आहे आणि मी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी दुकानात शिरायच्या आधी एकच गोष्ट आठवते, हा माणूस घरी चहा कसा करतो आणि कशात पितो. महाग-स्वस्त ते नंतर.

झाड तेच आहे, आपल्या आसाम चहाचं आणि जपानी ग्रीन टीचं. फरक असा की जपानमध्ये पानं खुडल्या खुडल्या वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाहीत, हिरवीच राहतात, मग वळून वाळवतात. ही वाफवून वळायची सेंचाची, म्हणजे इथल्या नेहमीच्या ग्रीन टीची, पद्धत १७३८ मध्ये क्योटोजवळच्या उजीच्या नागातानी सोएन यांनी बसवली असं मानतात. अशी पानं उकळत्या पाण्यात टाकली की तुरटपणा आणि कडवटपणा भसकन बाहेर येतो, आणि आपल्या घरांत नेमकं तेच होतं.

म्हणून आई-बाबा, काका-काकू, सासूबाई, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर दुधाचा चहा प्यायलाय त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे, होजिचा. हा भाजलेला ग्रीन टी, रंगानं तपकिरी. इथे काही चहाच्या दुकानांत दारातच भाजायचं मशीन चालू असतं आणि तो वास अर्ध्या गल्लीत पसरलेला असतो, खमंग, आपण रवा भाजताना शेवटी शेवटी जसा वास सुटतो ना त्याच्या जवळपासचा. याला सरळ उकळतं पाणी चालतं, तुरटपणा नावाला, कॅफीन सहसा सेंचापेक्षा कमी म्हणून रात्री जेवणानंतरही घेता येतो, आणि दूध घातलंच कुणी तरी बिघडत नाही, इथल्या कॅफेंमध्ये होजिचा लाटे मिळतोच की. स्वस्तही असतो. स्वस्त आहे म्हणून गिफ्टला नको असं वाटून घेऊ नका, माझ्या घरी परत परत मागणी येते ती फक्त याचीच.

दुसरा गेनमाइचा. यात भाजलेला तांदूळ मिसळलेला असतो, मधेमधे फुललेले पांढरे दाणे दिसतात, हुबेहूब लाह्या. वासही तोच. ज्याला ग्रीन टी म्हणजे औषध वाटतं त्याला हा पहिल्या घोटात ओळखीचा लागतो. यालाही गरमागरम पाणी चालतं. फक्त पाकिटावर ‘माच्चा इरी’ असेल तर त्यात वरून माच्चा, म्हणजे दळलेल्या हिरव्या चहाची पूड, घातलेली असते, छान लागतो पण थोडा कडक, पहिल्यांदा देताना साधाच घ्या.

आता सेंचा. हा त्यांना द्या जे आधीपासून टी बॅगवाला ग्रीन टी पितात आणि ज्यांना थोडी खटपट आवडते. यात फुकामुशी म्हणून प्रकार असतो, नेहमीच्या सेंचापेक्षा दुप्पट किंवा जास्त वेळ वाफवलेला. पानं मोडकी असतात, चहा गढूळ हिरवा होतो, दिसायला तितका देखणा नाही पण चव गोलसर आणि पाणी जरा जास्त गरम झालं तरी सांभाळून घेतो, त्यामुळे शिकाऊ माणसाला हाच बरा. मात्र गाळणी बारीक जाळीची लागते, आपली नेहमीची चालत नाही, सगळा चुरा कपात उतरतो. मी पाकिटाबरोबर गाळणीही देऊन टाकते.

एप्रिल संपता संपता किंवा मे महिन्यात येणार असाल तर शिंचा नक्की बघा, म्हणजे वर्षाची पहिली खुडणी. रिश्शुनपासून, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून, ८८ वा दिवस चहाच्या खुडणीचा मानतात, तो १ किंवा २ मेला येतो. हिवाळाभर झाडानं साठवलेलं सगळं या पानांत असतं, गोडवा जास्त, तुरटपणा कमी. पण शिंचा म्हणजे ताजेपणाच, तो घेऊन दिवाळीपर्यंत ठेवायचा असेल तर नका घेऊ.

ग्योकुरो कुणाला द्यायचा? खुडणीआधी साधारण २० दिवस झाडांवर सावली धरतात, उन्हात गोडव्याचं तुरटपणात रूपांतर होतं ते त्यामुळे थांबतं, आणि चव अशी येते की हा चहा आहे की कसला सूप असं वाटावं. त्याला ५० ते ६० अंशांचं पाणी लागतं, म्हणजे बोट घालवेल न घालवेल इतपतच गरम, आणि मिळतो तो दोन-तीन घोट. ज्याला चहाचं खरंच वेड आहे, जो घड्याळ लावून दोन मिनिटं बसेल, त्यालाच द्या. फुकुओकातल्या यामे भागाचा ग्योकुरो नावाजलेला आहे, उजीचाही.

माच्चाबद्दल जरा सविस्तर बोलते कारण हल्ली प्रत्येक भाची-पुतणीची फर्माइश तीच असते. एक, ‘सेरेमोनियल ग्रेड’ या शिक्क्याला जपानमध्ये कुठलाही सरकारी अर्थ नाही, तो बाहेरच्या बाजारासाठी काढलेला शब्द आहे, त्यामागे जाऊन जास्त पैसे घालवू नका. दोन, घटक वाचा, साखर लिहिलेली असेल तर ते माच्चा लाटेचं मिक्स आहे, आणि ‘फुनमात्सुचा’ असेल तर तो साध्या ग्रीन टीची पूड, माच्चा नव्हे. खरा माच्चा सावलीत वाढलेल्या पानांचा, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळलेला असतो, आणि एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम दळतं, मग तो स्वस्त कसा मिळेल? रंग बघा, चांगला असेल तर लखलखीत पोपटी, शेवाळी किंवा पिवळट दिसला तर सोडा. २०२४ च्या शरद ऋतूपासून तर क्योटोच्या जुन्या नावाजलेल्या दुकानांनीही एका माणसाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातल्या, त्यामुळे ठरलेला ब्रँड मिळेलच असं गृहीत धरू नका. तीन, चासेन, म्हणजे माच्चा घुसळायची बांबूची छोटी रवी, बरोबर द्या, नाहीतर गुठळ्या होतात आणि डबा मागे पडतो. आणि डबा उघडला की महिन्याभरात संपवायचा असतो, म्हणून २० किंवा ३० ग्रॅमचाच घ्या. घरात कुणी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेत असेल तर माच्चा नकोच किंवा आधी डॉक्टरांना विचारा, कारण यात आपण अख्खं पान पोटात घालतो आणि त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

गावाच्या नावावर फार अडून बसू नका. उजीचं नाव मोठं आहे पण उजीचा म्हणून विकला जाणारा चहा शेजारच्या नारा, शिगा, मिए इथल्या पानांचाही असू शकतो, फक्त प्रक्रिया क्योटोत व्हावी लागते. चहाचा प्रांत म्हणून शिझुओका सगळ्यांना माहीत असतं, पण २०२४ मध्ये कागोशिमा प्रांतानं उत्पादनात त्यालाही मागे टाकलं, आणि कागोशिमाचा चहा त्या पैशात मला बहुतेक वेळा जास्त आवडलाय. १०० ग्रॅमला १००० येनच्या आसपासचा सेंचा गिफ्ट म्हणून अगदी व्यवस्थित असतो. शक्यतो चहाच्याच दुकानातून किंवा डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून घ्या, तिथे बऱ्याचदा चव घ्यायला देतात. एअरपोर्टवर घाईत घेतलं की आपण डब्यावरचं चित्र बघून घेतो.

तारीख वाचताना लक्षात ठेवा, इथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. कधी कधी वर्ष रेइवामध्ये, म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेलं, असतं, रेइवा ७ म्हणजे २०२५, तिथून पुढे मोजा. आणि एका मोठ्या पाकिटाऐवजी दोन छोटी घ्या, एक उघडलं तरी दुसरं ताजं राहतं.

ऑफिसातल्या जपानी माणसाला चहा देणार असाल तर एक जपा. अंत्यविधीला आलेल्यांना परतभेट म्हणून इथे बऱ्याचदा चहाच देतात. म्हणून दुकानात ‘ओइवाइ’, म्हणजे आनंदाच्या प्रसंगासाठी, असं स्पष्ट सांगा, ते तसा कागद आणि लाल-पांढरी दोरी लावून देतात. चार नग देऊ नका, चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो.

पैसे जास्त असतील तर महागडा चहा घेण्यापेक्षा चांगला डबा घ्या असं मी म्हणेन. क्योटोत काइकादो म्हणून १८७५ पासूनचे डबे करणारे आहेत, झाकण वर नुसतं टेकवायचं, ते स्वतःच्या वजनानं अगदी सावकाश खाली सरकत बसतं, बघत राहावंसं वाटतं. तेवढं बजेट नसेल तर दोन झाकणांचा साधा पत्र्याचा डबाही चालतो, हवा आणि उजेड लागता कामा नये इतकंच. आणि घरच्यांना बजावून सांगा की हा डबा हिंगाशेजारी किंवा मसाल्याच्या कपाटात ठेवायचा नाही, चहा शेजारचा वास चटकन ओढून घेतो.

शेवटचं काम, पाकिटावर मराठीत चिठ्ठी चिकटवा. पाकिटाच्या आत नको, ती हरवते. माझी सेंचाची चिठ्ठी अशी असते: ‘दोन छोट्या कपांना दोन चहाचे चमचे पत्ती. पाणी उकळून कपात ओता, पाच मिनिटं थांबा, मग ते पत्तीवर घाला. एक मिनिटानं दोन्ही कपांत थोडं थोडं आलटून पालटून ओता, शेवटचा थेंबसुद्धा. तीच पत्ती अजून दोनदा चालते. दूध, साखर, आलं नको. उन्हाळ्यात लिटरभर गार पाण्यात तीन-चार चमचे टाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळून प्या.’ आत्याच्या फ्रीजवर ती चिठ्ठी अजून लावलेली आहे, आणि मे महिन्यात तिच्याकडे गार सेंचाची बाटली भरलेली असते.