कीबोर्ड कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना या चुका टाळा

यूएसबी वायर जोडली, रेकॉर्ड दाबलं, गाणं वाजवलं आणि फाइल मुकीच! नेहमीची तक्रार. बहुतेक कीबोर्डच्या ‘यूएसबी टू होस्ट’ पोर्टमधून आवाज जात नाही, फक्त मिडी जातं: कोणती पट्टी, किती जोरात (१ ते १२७), पेडल कधी दाबलं, एवढीच माहिती. ती ऐकू यायला रीपर किंवा गराजबँडसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅकवर पियानोचं व्हर्च्युअल वाद्य लावावं लागतं. मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच त्या वायरीतून आवाजाची अपेक्षा ठेवा.

कीबोर्डचाच टोन हवा असेल तर ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे वाद्याचा आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी पेटी. लॅपटॉपच्या एकुलत्या जॅकमधलं इनपुट हेडसेटच्या माइकसाठी असतं. ते मोनो असतं आणि तिथे कीबोर्डचा आवाज सहज फाटतो.

इंटरफेस आल्यावर होणारी सगळ्यात फसवी चूक म्हणजे हेडफोन जॅकमधून निघालेली एकच स्टिरिओ वायर इंटरफेसच्या एका इनपुटमध्ये खोचणं. सिग्नल येतो, मीटर हलतो, पण पियानो पोकळ वाटतो. कधी खर्जच गायब. कारण ते इनपुट बॅलन्स्ड असतं: पिनेच्या टोकावरच्या सिग्नलमधून रिंगवरचा (टोकामागच्या कड्यावरचा) वजा करतं. तुमच्या वायरीत टोकावर डावी बाजू आहे, रिंगवर उजवी. दोन्हींत सारखं असलेलं सगळं कटतं. इक्वलायझरने हे सुधारत नाही, उगाच वेळ घालवू नका. ६.३५ मिमीच्या दोन मोनो वायरी घ्या: ‘एल/मोनो’ इनपुट १ मध्ये, ‘आर’ इनपुट २ मध्ये. फक्त हेडफोन जॅकच असेल तर एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय-केबल मिळते. ट्रॅकही स्टिरिओच निवडा.

इनपुटचं बटण ‘लाइन’वर हवं, ‘इन्स्ट’ गिटारसाठी. कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत ठेवा, गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवा आणि शिखरं −१२ ते −६ डीबीमध्ये येतील इतकाच गेन (इनपुटची पातळी) इंटरफेसवर द्या. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर याहून मोठ्या आवाजाचा हट्ट नको.

व्हर्च्युअल पियानो बोटांच्या मागे पडतोय? ४४.१ किलोहर्ट्‌झला १०२४ सॅम्पलचा बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) एकटाच २३ मिलिसेकंद खातो, १२८ चा जेमतेम ३. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर टाका. कडकड आली तर २५६ करा. प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल तर कीबोर्डचं ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजणं) बंद करा.

लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं-घूं थांबली, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. कीबोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरी राहिली तर ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स, म्हणजे आवाजाच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारी पेटी, मध्ये लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

४४.१ किलोहर्ट्‌झचं रेकॉर्डिंग चुकून ४८ वर वाजलं, तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्याही वर चढतं आणि लयही वाढते. प्रोजेक्ट आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो हा आकडा) आधीच जुळवा.

पेडल उलटं चालत असेल, तर बहुधा कीबोर्ड सुरू करताना त्यावर पाय होता. पाय काढा, बंद करून पुन्हा चालू करा.