पुलाबद्दल विचारलं की लोक खोटं बोलतात

डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला मी विषय घेतला होता: मडगाव स्टेशनवर प्रवासी पादचारी पूल सोडून रूळ का ओलांडतात? युजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, हा प्रश्नावलीनंच होतो, एवढीच तेव्हा माझी समजूत. दहा प्रश्न छापले आणि फलाटावर उभा राहिलो. जो तो सांगे, "आम्ही ब्रिजनंच जातो." एक काका तर हे सांगून दोन मिनिटांत रुळांवर उतरले.

मग ट्यूब पेटली. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. परवानगीशिवाय रुळांवर शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या, कागद-पेन घेतलेल्या पोरापुढे कोण कबुली देणार? या विषयाला हात घालणार असाल तर 'का' विचारूच नका. "आज गाडीतून उतरल्यावर काय काय केलंत?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

पुढे मी प्रश्नावली घरी ठेवली. सकाळी कोकणकन्या आली की एकाच खांबाशी उभं राहायचं आणि वहीत तीनच गोष्टी टिपायच्या: माणूस कुठे उतरला, आधी कुठे पाहिलं, हातात काय होतं. फोटो काढायचे तर चेहरे टाळा. रेल्वेची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर निम्मा दिवस खुलासे देण्यात जातो.

चौथ्या दिवशी वही चाळताना दिसलं, की निर्णय जिन्याशी होतच नाही. तो डब्याच्या दारात होतो. उतरणाऱ्याला पूल दिसला नाही तर तो गर्दीमागे जातो, आणि गर्दी त्या पहिल्या उडी मारणाऱ्यामागे. चाकांची बॅग ओढणारे पर्यटकसुद्धा.

म्हणून खांबावर कागदी बाण लावला, "पूल इकडे". पहिल्या दिवशी तो सामानाच्या हातगाडीआड गेला. दुसऱ्या दिवशी डोक्याच्या वर लावला, तेव्हा कुठे माना वळल्या.

एक आजी मात्र बाणाखालीच पिशवीवर बसून राहिल्या. पिशवीत नारळ. मी वाट दाखवली तर म्हणाल्या, "वाट कळ्ळी रे पुता, पूण पांयांक कोण सांगतलो?"

मी ते कोंकणीत तसंच उतरवून घेतलं. अहवाल तपासताना मार्गदर्शक म्हणाले, हे काढ आणि 'ज्येष्ठ प्रवाशांना जिन्याची अडचण' असं लिही. मी त्यांचं वाक्य खाली लिहिलं, आजींचं वर ठेवलं.