मोटारसायकलची बॅटरी चार्ज होत नसेल तर दोष कसा शोधावा

सकाळी सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता ‘टक् टक्’ आवाज येतो, हॉर्न घोगरा झालेला असतो, आणि किक मारली की गाडी मात्र दुसऱ्या फटक्यात सुरू होते. असे झाले की बहुतेक जण थेट बॅटरीच्या दुकानाची वाट धरतात. माझ्या १२५ सीसीच्या गाडीसाठी एका पावसाळ्यात मीही तेच केले आणि नवी बॅटरीही दोन महिन्यांत उतरली. दोष बॅटरीत नव्हताच, तो सीटखालच्या एका कपलरमध्ये, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात होता. त्यामुळे कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजून पाहावे, आणि तेही पुढील क्रमाने.

बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या डाव्या कव्हरखाली क्रँकशाफ्टवर मॅग्नेट फिरते आणि त्याच्या आत बसवलेल्या स्टेटर कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट, त्या विजेचे डीसीत रूपांतर करते आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवून ती बॅटरीकडे पाठवते.

आधी बॅटरीच तपासावी. गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टर्मिनलांवर टोके लावावीत. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी आहे. रिकामी असल्यास ती बाहेरच्या चार्जरवर तिच्या क्षमतेच्या सुमारे दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५ एएचची (अँपिअर-तासांची) असेल तर अर्ध्या अँपिअरने, मोकळ्या हवेत भरावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर ती खरोखरच गेलेली आहे. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. ॲसिड किंवा नळाचे पाणी घालू नये.

टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल, तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडवावी, खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनले घासावीत, कोरडी करावीत आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडावी. त्यावर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. त्याच वेळी फ्यूज आणि चासीला जाणारी अर्थिंगची वायरही पाहून घ्यावी. त्या बोल्टखाली गंज किंवा रंग असेल तर तो पॉलिश पेपरने खरवडावा.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी उघड्या जागेत, मुख्य स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये सुरू करावी. (गिअर नसलेल्या स्कूटरचे मागचे चाक जमिनीपासून वर असल्याची खात्री करून घ्यावी.) मीटर बॅटरीवरच ठेवून रेस हळूहळू चार-पाच हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवावी. आकडा साधारण १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यान आला, तर चार्जिंग ठीक आहे. तो १५ च्या पुढे जात असेल तर आरआर युनिट बदलावे, नाहीतर ते नवी बॅटरीही उकळून टाकते. रेस वाढवूनही आकडा १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी गॅरेजी पद्धत मात्र कधीही वापरू नये. व्होल्टेज उसळून, विशेषतः फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, जळू शकतो.

वीज पोहोचत नसेल तर लगेच कॉइलवर संशय घेऊ नये; आधी कपलर उघडावेत. माझ्या गाडीत स्टेटर आणि आरआर युनिट यांच्यामधल्या पांढऱ्या कपलरचे प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळले होते, पिन काळी पडली होती आणि बोटाने ओढताच वायर हातात आली. पावसाचे पाणी आत गेले की पिनेवर गंज चढतो, रोध वाढतो, पिन तापते आणि सैल होते. अशी पिन घासून वापरण्यापेक्षा नवा कपलर बसवून सोल्डर करणे बरे.

कपलर ठीक असतील तर इंजिन बंद करून स्टेटरच्या वायरींचा कपलर सोडवावा. तीन वायरींच्या गाडीत तिन्ही जोड्यांमधील रोध जवळजवळ सारखाच, बहुधा एक-दोन ओमच्या आत असतो, आणि कोणतीही वायर इंजिनाच्या धातूशी जोडलेली दिसता कामा नये. काही जुन्या गाड्यांत मात्र कॉइलचे एक टोक मुद्दाम अर्थ केलेले असते, त्यामुळे आपल्या मॉडेलचे वायरिंग पाहूनच निष्कर्ष काढावा. मग इंजिन सुरू करून त्याच वायरींवर एसी व्होल्टेज मोजावे. रेस वाढेल तसा आकडा तिन्ही जोड्यांत सारखाच चढत गेला, तर स्टेटर ठीक आणि संशय आरआर युनिटवर. एखादी जोडी मागे राहत असेल तर कॉइल जळाली आहे. ती बदलण्यासाठी कव्हर उघडून नवे गॅस्केट घालावे लागते, कधी मॅग्नेट ओढून काढण्याचे अवजार, म्हणजे मॅग्नेट पुलरही लागतो. हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

चार्जिंगही बरोबर असेल आणि तरी बॅटरी उतरत असेल, तर गाडीचा वापर पाहावा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत पेटलेला असतो. ३५ वॅटचा बल्ब जवळजवळ तीन अँपिअर खातो, मंद गतीवर मॅग्नेटची वीज तुटपुंजी असते आणि प्रत्येक सेल्फला बॅटरीतून मोठा प्रवाह जातो. दिवसभर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच फेऱ्या होत असतील, तर घेतलेली वीज परत भरून निघत नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी सलग चालवावी, आणि ते जमत नसेल तर सकाळची पहिली सुरुवात किकने करावी.