फटीगच्या सॅम्पलवर आडवी रेघ नको

लॅबमध्ये नवीन मुलगा आला की त्याला आधी मशीन चालवायचं असतं. मी त्याच्या हातात एमरी पेपर देतो. फटीग म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून धातू तुटणं. ते तपासायच्या रोटेटिंग बेंडिंग चाचणीत सॅम्पल वाकलेल्या अवस्थेत फिरतं. प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कातडीवर, म्हणून तडाही तिथूनच सुटतो.

लेथवरचे शेवटचे कट अगदी हलके घ्या, कूलंट चालू ठेवून. मग २२० ग्रिटपासून (जाडसर) १००० पर्यंत (बारीक) पेपर मारा. शेवटचा हात सॅम्पलच्या लांबीच्या दिशेनेच. नंतर दिव्याखाली भिंग धरून सॅम्पलची मान, म्हणजे मधला बारीक भाग, हळूहळू फिरवून बघा. केसाएवढी आडवी रेघ चमकली, तरी पुन्हा पेपर घ्या. ईएन-८ या मध्यम कार्बन पोलादाचं माझं एक सॅम्पल ४० हजार फेऱ्यांत गेलं. त्याच लोडवर त्याच्या जोडीची दोन-अडीच लाख चालली होती. तुकडा भिंगाखाली धरला, तर तडा बरोबर टूलच्या रेघेतून निघालेला. ती रेघ मीच सोडली होती.

मानेचा व्यास प्रोफाइल प्रोजेक्टरवर (मोठी केलेली सावली पडद्यावर दाखवणारं यंत्र) मोजा, मायक्रोमीटरचे जबडे मानेवर आवळू नका. ताणाच्या सूत्रात व्यासाचा घन येतो: ७.५ मिमीला ०.१ चुकलात की ताण ४ टक्क्यांनी चुकला.

सॅम्पल बसवल्यावर हाताने फिरवून ते डगमगत नाही ना, हे डायल गेजवर बघा. मोटर रिकामी चालू करा, पूर्ण वेग आला की वजन अलगद सोडा, काउंटर शून्यावर आणा. पहिलं सॅम्पल टेन्साइलच्या (ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या) साधारण ६५ टक्के ताणावर लावा, पुढे उतरत जा. साध्या पोलादाची मर्यादा, म्हणजे ज्याखाली ते फटीगने तुटत नाही तो ताण, बहुतेकदा टेन्साइलच्या निम्म्याच्या आसपास सापडते. तिथे १ कोटी फेरे न तुटता झाले की थांबवा. ३००० आरपीएमला त्याला साडेपंचावन्न तास लागतात. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे असं सॅम्पल मी शुक्रवारी सकाळी लावतो. न तुटलेलं सॅम्पल जास्त लोडवर पुन्हा वापरू नका. आधीच्या फेऱ्यांनी त्याचं वागणं बदललेलं असतं.

तुटलं की दोन्ही तोंडं एकमेकांना जुळवून बघायचा मोह आवरा. घासली की खूण गेली. अॅसिटोनने धुवा, वाळवा. गुळगुळीत भाग म्हणजे तडा सरकत गेलेली वाट. खडबडीत भाग शेवटी एका झटक्यात तुटलेला. लोड जास्त असेल तर हा खडबडीत भाग मोठा दिसतो, आणि कडेला तडे एकाहून जास्त जागी सुरू झालेले असतात. त्या जागा मोजून वहीत फेऱ्यांच्या आकड्याशेजारी लिहा.