टॉर्क पान्याने आवळलेलं हेड

दारव्ह्याकडे आमचं वावर आहे. ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टने बसवलेलं हेड यांच्यामधलं पातळ सील) सारखं जायचं, तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की समजायचं. गॅरेजवाला पान्याला लोखंडी पाइप लावून अंदाजाने आवळायचा. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पिळण्याचा जोर (टॉर्क) आला की ‘कट्’ वाजणारा पाना, आणला आणि काम स्वतःच केलं.

खरी मेहनत साफसफाईची. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने घासले, ब्लॉकमधली भोकं हवा मारून कोरडी केली. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट उतरताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. आटे मळलेले असले तर जोर घर्षणातच जातो. पाना ‘कट्’ वाजतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो.

मग मधल्या बोल्टपासून सुरुवात, समोरासमोर आलटून-पालटून बाहेरच्या टोकांकडे. पहिली फेरी निम्म्या टॉर्कवर, नंतर पाऊण, मग पूर्ण. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. तो किलोग्रॅम-मीटरमध्ये (kgf-m) आणि पाना न्यूटन-मीटरचा असेल तर ९.८ ने गुणा. मूठ धरून सावकाश ओढा. ‘कट्’ झालं की थांबा, वरून झटका नको.

काम झालं की पान्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो. बोल्ट खोलायला तो कुणालाच देत नाही. आता दिवसभर रोटाव्हेटर चालवला तरी तापमानाचा काटा मध्येच असतो.